गाठीवाल्या मामींचा लाल दोरा

गाठीवाल्या मामी औषधाआधी दोरा द्यायच्या. कामरगावात आमच्या घराला लागूनच त्यांचं घर. पाळीची तक्रार घेऊन बाई आली की तिला आधी पांढरा दोरा मिळायचा. पाळी आली की एक गाठ मारायची. असे तीन महिने गेले की मग शतावरीची मुळी, आणि पुढच्या तीन महिन्यांसाठी लाल दोरा.

मुळीचं औषध सासूकडून आलेलं, दोऱ्याची अट मात्र मामींची. "सासू म्हने गुन येतेच. मी म्हनलं, दोन्ही दोरे पाह्यल्याबिगर मी नाही म्हनत." लाल दोऱ्यावर गाठी वाढल्या नाहीत तर त्या सरळ सांगायच्या, "माही मुळी हारली. कारंज्याले जाय, रक्त तपास."

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी माझी पाळी रखडली, अंगही सुटलं. पांढऱ्या दोऱ्यावर एकच गाठ पडली. लाल दोऱ्यावर तर एकही नाही. पण मामी कुंपणावरून इतक्या आशेनं विचारायच्या, "आली का वो माय?" मला नाही म्हणवेना. मी तीन गाठी मारून दिल्या. मामींनी आनंदानं माझ्या हातावर गूळ ठेवला.

आठवड्यानं कळलं, शेजारच्या गल्लीतल्या एका घरच्या सुनेला त्यांनी पांढऱ्या दोऱ्याशिवायच मुळी दिली होती, माझ्या गाठींच्या भरवशावर. तिनं डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या होत्या. मी धावत जाऊन मामींना खरं सांगितलं.

"मले बरं वाटावं म्हनून गाठी मारल्या तुनं?" एवढंच बोलून त्यांनी चपला घातल्या. त्या सुनेच्या घरी जाऊन सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माही चूक झाली. मुळी वापस दे अन् गोळ्या सुरू कर." दुसऱ्या दिवशी जीपनं मला कारंज्याला नेलं. थायरॉइड निघाला. येताना माझ्या गोळ्यांची पुडी त्यांनीच पदराला बांधून आणली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो लाल दोरा पुढे त्यांच्या दाराशी खिळ्याला होता. नव्या बाईला त्या तो दाखवायच्या, "ह्या खोट्या गाठी हायेत. अशा मारू नोको." कोणाच्या, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

मामींना जाऊन दोन वर्षं झाली. रोज सकाळी गोळी घेतली की मी कॅलेंडरवर खूण करते. परवा डॉक्टरांना ते पान दाखवलं.

"बाकी छान आहे. हा एकच दिवस कोरा का?"

घरून निघताना पेन हातातच होतं, पण त्या चौकटीत मी खूण केली नव्हती.

"त्या दिवशी गोळी विसरले," मी म्हणाले.