शैलजाबाईंचा एकच शब्द

शैलजाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी आष्ट्याच्या आमच्या शाळेत आठवीच्या पेपरांचे गठ्ठे बांधत होते. फोन अण्णांचा, म्हणजे त्यांच्या यजमानांचा. "सकाळी गेली. झोपेतच," एवढंच ते बोलले. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, आधीच बोलायला कमी. त्या दिवशी घरात गर्दी होती, मी पाया पडून परत आले...

शैलजाबाई इंग्रजी शिकवायच्या, मी गणित. सोळा वर्षं आमची टेबलं शेजारीशेजारी. बाई मूळच्या वडूजच्या, आणि 'राईट' हा शब्द त्या दरवर्षी नव्या वर्गाला मोठ्या हौसेनं शिकवायच्या. उजवा तो राईट, बरोबर तेही राईट, आपला हक्क तोही राईट, आणि लिहिणं... त्याचं स्पेलिंग निराळं, पण कानाला तेही राईटच. एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, मग नेमकं कुठलं ते कळायचं कसं?" बाई म्हणाल्या, "बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं गं."

निवृत्तीला वर्ष उरलं असताना ऐन तासाला त्यांच्या हातातला खडू पडला आणि पाठोपाठ त्या कोसळल्या. सांगलीच्या दवाखान्यात अठरा दिवस काढले. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका बसला होता. उजवा हात-पाय गेला, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना बरंचसं, शब्द तेवढे सापडत नाहीत. आठवड्यानं पहिला शब्द फुटला, "राईट". आम्ही हरखलो, आता एकेक येतील म्हणून. पुढच्या दोन वर्षांत दुसरा आलाच नाही. पाणी हवं असलं तरी राईट, पंखा नको तरी राईट, अण्णांना हाक मारायची तरी तेच. सुरुवातीला स्वतःच्या तोंडून ते ऐकून त्या रडायच्या. डाव्या हातात पेन देऊन बघितलं, तर कागदावर नुसत्या रेघा उमटल्या. त्यांनी पेन भिरकावलं. अण्णांनी ते उचलून खिशाला लावलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मला कळतंय."

आणि त्यांना खरंच कळायचं. मी चकित व्हायचे, तर म्हणायचे, "आवं म्याडम, त्यात काय हाय? निसतं ऐकायचं." मला ते जमलं नाही. खरं सांगायचं तर मला त्या खोलीची भीती वाटायची. बाई काही सांगू बघायच्या आणि मी मधेच शाळेतल्या गोष्टी भराभरा सांगत सुटायचे. आधी आठवड्याला जायचे, मग महिन्यानं. शेवटच्या खेपेला पंधरा मिनिटांत उठले. "येऊ का बाई? पुढच्या रविवारी येते." त्यांनी डाव्या हातानं माझा पदर धरला आणि हळूच म्हणाल्या, "राऽऽईट." मला बरं वाटलं. हसून मी पदर सोडवून घेतला. पुढच्या रविवारी काही जाणं झालं नाही, त्याच्या पुढच्याही नाही... आणि मग अण्णांचा फोन.

परवा अण्णांकडे गेले. बाईंना जाऊन तीन आठवडे झाले होते. खाट तिथंच होती, अण्णा बाईंच्या धुतलेल्या चादरी घडी करत होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी सांगितलं, "शेवटी मला छान निरोप दिला हो बाईंनी. राईट म्हणाल्या."

"कसं म्हनली?"

मी बाईंसारखं म्हणून दाखवलं. अण्णांचे हात थांबले.

"लांबवून म्हनली व्हय?" मग खाली बघतच म्हणाले, "लांबवलं म्हंजी न्हाई, म्याडम. जाऊ नगा म्हनली आसंल."

आवाजात दोष देणं अजिबात नव्हतं. चादर त्यांनी खाटेवर ठेवली, भिंतीकडची खुर्ची ओढून पुढं केली आणि विचारलं, "बसता का जरा?"

मी खांद्यावरची पर्स काढून खाली ठेवली आणि बसले.