मोरेश्वरचा ठेका

इथे परदेशात, जॉन्सनव्हिलच्या आमच्या भजन मंडळात मोरेश्वर तबला वाजवतो, असं म्हटलेलं त्याला चालत नाही. तो ‘परफॉर्म’ करतो. एरवी तो एका कंपनीचं नेटवर्क सांभाळतो आणि शनिवारी हॉलमध्ये आमचं भजनही तसंच सांभाळतो, म्हणजे बिघाड शोधत. हात तयार आहे, हे नाकारून चालणार नाही. पुण्यात लहानपणापासून शिकलाय. पण देवापुढे बसून हा माणूस कानात इयरफोन घालतो आणि फोनवरची लयीची टकटक ऐकत वाजवतो. आरती रंगली की लोकांची लय वाढतेच. मोरेश्वर ती वाढू देत नाही. कापूर विझून जातो, तरी आमची आरती आपली रांगतच असते.

त्याच्याआधी तबल्यावर श्याम असायचे. तेही काही थोर नव्हते. त्यांचा ठेका पळायचा, डग्गा कायम उतरलेला. पण गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघून वाजवायचे. ते गेले आणि त्यांच्या बायकोने, अनुराधाताईंनी, गाणंच सोडलं. २०१६च्या गणपतीत मात्र त्या स्वतःहून म्हणाल्या, “श्यामनी चाल लावलेलं भजन आज म्हणीन म्हणते. आज नाही जमलं, तर पुन्हा माझ्याच्याने व्हायचं नाही.”

मोरेश्वरने इयरफोन नीट बसवला.

दुसऱ्या ओळीत ‘विठ्ठला’वर ताई लांब थांबल्या. मोरेश्वर थांबला नाही. समेवर थाप मारून तो मोकळा झाला आणि ताई मागे राहिल्या.

“ताई, ऑफ गेलात. परत घ्या.”

त्यांनी परत घेतलं. त्याच जागी पुन्हा तेच.

“मोरेश्वर, तिथे श्याम थांबायचे माझ्यासाठी.”

“तालात तिथे जागाच नाही ना, ताई! ढीगभर, हीप्स प्रॅक्टिस लागते याला. मी रेकॉर्डिंग करून पाठवतो तुम्हाला, चालेल ना, स्वीट अ‍ॅज?”

नवऱ्याने चाल लावलेलं भजन हा बायकोला शिकवणार! माझं डोकंच फिरलं. ताईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. आता या उठणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात नीताने टाळी धरली. नीता म्हणजे मोरेश्वरची बायको. ती नवऱ्याकडे न बघता ताईंकडे बघत होती. बघता बघता सगळा हॉल टाळ्या देऊ लागला आणि ताईंनी पुन्हा सुरुवात केली. “अरे, थांबा, थांबा!” म्हणत मोरेश्वरने हात वर केला. त्या हातात इयरफोनची वायर अडकली आणि फोनमधून निघून आली.

‘विठ्ठला’ आलं. ताई थांबल्या, त्यांच्यासाठी टाळ्याही थांबल्या. आता हॉलमध्ये मोरेश्वरच्या फोनची टकटक तेवढी ऐकू येत होती. तो लालबुंद होऊन बटण शोधत होता.

ताई त्याच्यासाठीही थांबल्या. टकटक बंद झाली, मग त्यांनी पुढची ओळ उचलली.