बागायतदाराची वॉटर स्कूटर

मला त्याची जिरवायची होती. उगाच गोड बोलत नाही, मनात दुसरं काहीही नव्हतं.

आमचं गाव डिंभ्याच्या धरणात गेलं त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. मी घोडेगावात दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज टाकलं होतं. आबा, म्हणजे माझे वडील, नांगर सुटला म्हणून मासेमारीला लागले होते. आयुष्य ढेकळांत गेलेला माणूस, उतारवयात होडी वल्हवायला शिकला. जाळं टाकायचं, ओढायचं आणि शिनोलीला रस्त्याच्या कडेला बसून मासे विकायचे. घर त्यावर चालायचं, आणि आबाही त्यावरच चालायचे. हाताला काम नसलं की ते खुळ्यासारखे भिंतीकडे बघत बसायचे, ते मी पाहिलं होतं.

आता हा बागायतदार. धरणाच्या खालच्या अंगाचा. आमची रानं पाण्यात गेली तेव्हा कालव्याचं पाणी त्याच्या रानात गेलं. ऊस झाला, द्राक्षं झाली, पैसा खुळखुळायला लागला, मग धरणाच्या काठाला बंगला झाला. बरं, बांध बाबा. पण त्यानं मुंबईहून कुणीतरी वापरून टाकलेली जुनी वॉटर स्कूटर आणली. पाण्यावरची मोटारसायकलच ती. रविवार आला की हा काळा चष्मा लावून सगळ्या पाण्यावर घोंगावणार. आबांचं जाळं त्यानं एकदा फाडलं, पुन्हा फाडलं. आबांनी काठावरून हात केला, तर इंजिन बंद न करता ओरडला, "म्हातारबा, जाळ्याला झेंडा लावा, म्हंजे दिसंल!" आणि हसत निघून गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी आल्यावर आबा एवढंच म्हणाले, "आता एकच जाळं ऱ्हायलंय. ह्ये फाटलं की मी काय पुन्यांदा पान्यावर जायाचा न्हाय."

जमिनीवरून आबांना एकदा उठवलेलं मी बघितलं होतं. आता पाण्यावरून कोण उठवतो तेच बघतो, असं मी ठरवलं. ठरवलं खरं, पण करणार काय? तो बंगलेवाला, मी पान्हा-स्क्रू ड्रायव्हरवाला.

आणि देव आहे बघा! त्याची वॉटर स्कूटर बिघडली आणि टेम्पोत घालून माझ्याच दारात आली. मी कुणाचा पोरगा हे त्याला ठाऊक नव्हतं.

"मिस्तरी, सुरू होती झकास, पण पान्यावर जरा पळवली की मरती," तो म्हणाला. "काठाला आणून टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघितलं की पुन्हा सुरू. लई जणांनी हात मारला, कुणाला घावंना."

मी मनापासून काम केलं. खुन्नस आपल्या जागी, काम आपल्या जागी. पेट्रोलचे पाइप कडक होऊन तडकले होते, ते बदलले. कार्बोरेटर उघडला, आतल्या बारीक जाळीत हिरवट चिकटा साचला होता, तो धुतला. पंपाचा पडदा बघितला, प्लग बदलला. सुरू केली, उत्तम. पण जमिनीवर ती फार वेळ चालवता येत नाही, पाणी नसलं की तापते. म्हणून धरणावर नेऊन दोराला बांधून काठालाच चालवली. थोड्या वेळानं आचके देत मेलीच. मी टाकीचं झाकण फिरवलं आणि स्सूऽऽ करून हवा आत ओढली गेली.

तिथंच कळलं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल येत नाही, हवेला दुसरं पाडावं लागतं. या टाकीचं हवेचं भोक मशीनच्या अंगावरच बाहेर काढलेलं होतं, मसुराच्या दाण्याएवढं. ते शोधायला गेलो आणि हसू आवरेना. बागायतदार ओझरच्या गणपतीचा मोठा भक्त. दसऱ्याला त्यानं मशीनची पूजा करून तेलात कालवलेल्या शेंदराचं झोकदार स्वस्तिक काढलं होतं, आणि त्याच्या बरोबर मधोमध ते भोक! शेंदूर आत जाऊन खडकासारखा बसला होता.

सुई आणि थोडं रॉकेल, एवढंच काम. दुसऱ्या दिवशी ते केलंही. पण त्या दिवशी नाही. त्या दिवशी मी फडक्यानं हात पुसले आणि काठावर उभ्या बागायतदाराला म्हणालो, "शेठ, पाइप नवे, कार्बोरेटर साफ. लांब पळवून बघा."

तो जाकीट चढवून भर दुपारी निघाला आणि सवयीनं सरळ आबांच्या जाळ्याच्या रोखानं गेला. मशीन मरायच्या आधी जाळं गाठलं तर? मीच शेवटचं जाळं घालवलं असतं. पण आवाज तुटला, पुन्हा लागला, पुन्हा तुटला आणि बंद पडला. जाळ्याच्या अलीकडं, अगदी जवळ. तो स्टार्टर मारतोय, मारतोय, शेवटी बॅटरीही बसली. वारा नाही, सावली नाही, दुसरी होडी नाही. अहो, काय गार वाटलं जिवाला!

आबा काठावरच होडीपाशी बसले होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "तू केलंस व्हय?"

"मी काहीच केलं नाही," मी म्हणालो. "बसू दे त्याला उन्हात. दिवस मावळेपर्यंत भाजू दे."

"चल, वल्हं धर," आबा म्हणाले.

मला रागच आला. एवढी चालून आलेली संधी, आणि हा माणूस मदतीला निघाला! धुसफुसत वल्हं मारलं. आबांनी मशीन दोरानं मागं बांधली आणि बागायतदाराला होडीत घेतलं. "उपकार झाले, म्हातारबा," म्हणत तो टेकला.

"आता आलाच हाय तर जाळं वढू लागा, पावणं," आबा म्हणाले आणि जाळ्याची दोरी त्याच्या हातात दिली.

तो माझ्याकडं बघायला लागला. मी होडी थांबवून वल्हं आत घेतलं. मग काय करतो? ओढायला लागला. नायलॉन तळव्यांना कापत होतं, मासे मांडीवर फडफडत होते, चष्मा घामानं घसरत होता. आबा हळूहळू सांगत होते, जसं एखाद्या पाहुण्याला शिवार दाखवावं तसं.

"ही आमची हिर. माझ्या बानं बांधली व्हती. हितनं फुडं भाताची खाचरं. ह्ये खळं."

त्याला आधी समजेना. समजलं तसा तो होडीच्या कडेवरून खाली, हिरव्या पाण्यात बघायला लागला. हात थांबले. मग म्हणाला, "आन घर?"

"त्येच्यावरच तर बसलाय तुमी."

बागायतदार दचकून उठायला गेला. होडी डुगडुगली, त्यानं दोन्ही हातांनी कडा धरल्या.

"बसा, बसा," आबा म्हणाले. "उठून कुटं जाताय? चहूकडं आमचंच हाय."