मालकांनी व्होल्टेज उतरवलं

आमच्या मालकांना जगात एकच दुश्मन हाय, कमी व्होल्टेज. उदगीरला धान्याच्या मोंढ्याजवळ त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान हाय. अठ्ठावीस वर्सं झाली, विहिरी-बोअरच्या जळलेल्या मोटारी खोलून त्यांत नवी तार भरतेत. व्यंकट मिस्त्री म्हणलं की देवणी-जळकोटपर्यंतचे शेतकरी ओळखतेत. कुणी मोटार घेऊन आला की त्याला बस म्हणायच्या आधी हे विचारणार, "शिवारात व्होल्टेज किती येतं?" तो कमी येतं म्हणला की झालं, ह्यांचं कीर्तन सुरू. कमी दाबानं मोटार करंट जास्त वढती, तापती अन् जळती, हे आमच्या तालुक्यात शेंबड्या पोरालाबी ठावं हाय. पर हे सांगताना असं तोंड करतेत की मोटार न्हाई, घरातलं माणूस गेलं.

घरी फ्रीजला स्टॅबिलायझर, टीव्हीला स्टॅबिलायझर. मिक्सरला लावला तो मी काढून माळ्यावर टाकला. चटणी वाटायला येवढा सरंजाम कशाला? लग्न झाल्यावर मला पहिली वस्तू आणली तीबी स्टॅबिलायझरच. मैतरणींना साड्या आल्या होत्या.

मी वर्षाराणी. पुढच्या खोलीत लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. माझ्या कॉम्प्युटरात नांदेडहून आणलेलं जुनं ग्राफिक्स कार्ड हाय. चित्राचं सगळं जड काम तेच करतं, घरात जसं मी करते तसं.

चैत्रात चतुराअक्का आली. अक्का आमच्या गल्लीतली, अंगणवाडीत मदतनीस, इतवारी तिचा सेवापूर्तीचा कार्यक्रम होता. पदराखालून एक पेनड्राइव्ह काढला. तिच्या लग्नाची जुनी कॅसेट तिच्या लेकानं नांदेडला कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. म्हणली, "वर्षा, ह्यात माझा बाप हाय. तेवढं तोंड साफ करून दाव. घरात त्याचा एक फोटो न्हाई."

मी लावून बघितलं. कॅसेटीत सगळा धुरळा. पंगतीच्या कडेला मांडवाच्या खांबाशी धोतर नेसलेला एक माणूस, गाल फुगलेले, तोंड फिरवून उभा. अक्का हळूच म्हणली, "रुसला होता म्हणतेत. मानाचा फेटा बांधायचं सासरचे इसरले, म्हणून गाल फुगवून बसला, जेवला न्हाई. माझे थोरले दीर अजून टोमणा मारतेत, तुझा बाप उपाशी गेला आमच्या दारातनं. आठ महिन्यांत बाप वारला. इचारायचं राहून गेलं." येवढं बोलून ती गेली, अन् मी 'करते' म्हणून बसले.

आता जुना व्हिडिओ साफ करायचं सॉफ्टवेअर मिळतं, पर ते एकेक चित्र घासूनपुसून काढतं. बाप पंगतीत कुठं कुठं दिसतो ते त्या धुरळ्यात कळंना, म्हणून पाऊण तासाची सगळी पंगतच लावावी लागली. कॉम्प्युटरनं हिशेब दावला, नव्वद तास. तो दिवस गुरुवार. इतवारी अकराला कार्यक्रम. 

कार्डाचा वेग वाढवायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर असतं. त्यात पट्टी सरकवली की कार्ड पळतं. पर पळवलं की अडखळतं, मग लोक त्याला व्होल्टेज जास्त देतेत. माझ्याकडं व्होल्टेजची पट्टी राखाडी, सरकंचना. तिला कुलूप असतं. सेटिंगमधी जायचं, 'व्होल्टेज कंट्रोल अनलॉक'च्या चौकोनात टिक करायची, काही झालं तर जिम्मेदारी माझी म्हणून कबूल करायचं, अन् सॉफ्टवेअर बंद करून परत उघडायचं. मी तेच करून राहिले होते. मालक दारात चहा घेऊन उभे. त्यांच्या कानावर एकच शब्द पडला.

"व्होल्टेजला कुलूप? उपाशी मारून राहिलीस तू त्या मशीनला. सरक."

मी सरकायच्या आधीच त्यांनी पट्टी धरली अन् थेट उजव्या टोकाला नेली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. कार्डाचा पंखा पिठाच्या गिरणीवानी बोंबलायला लागला. वेगाचा आकडा वर गेला तसे मालक मिशीत हसले. सात मिनिटांत पडदा काळा, कॉम्प्युटर बंद. सकाळपासनं झालेलं सगळं काम पाण्यात.

मी काय काय बोलले ते सांगत न्हाई, ह्यांच्या आईपर्यंत गेले होते. मग मला रडू आलं. अक्काला शब्द दिला होता मी, अन् आता तोंड कसं दावायचं?

 मालकांनी कॉम्प्युटरच्या डब्याची बाजूची पाटी खोलली. कॉम्प्युटर चालू करायला लावला, व्होल्टेज मूळच्या जागी आणायला लावलं, काम लावायला सांगितलं अन् कार्डाच्या पाठीवर तळहात टेकवला. दुरुस्त मोटार ते अशीच तपासतेत. हात टेकवून दहापर्यंत मोजायचं. दहापर्यंत हात राहिला तर मोटार धडधाकट, आधीच उचलावा लागला तर कुठंतरी गडबड. पाचाला त्यांनी हात उचलला. मग पडद्यावरचे आकडे बघत बसले, तापमानाचा अन् वेगाचा. बराच वेळ.

"कमी कर," म्हणले.

"काय कमी करू?"

"व्होल्टेज."

 ऊन लागलं की काय म्हणून मी त्यांच्या कपाळाला हात लावला. तो त्यांनी झटकला.

"ही मोटार न्हाई, वर्षा. मोटारीला दाब कमी पडला की ती करंट जास्त वढती. ही तसं करत न्हाई. ही नुसती तापती, अन् तापली की जीव वाचवायला आपणच हळू होती. बघ, वेगाचा आकडा खाली येऊन राहिला. हिला भूक न्हाई लागली, अजीर्ण झालंय. माझं चुकलं."

चुकलं हा शब्द त्या माणसाच्या तोंडी! मी तो दुसऱ्यांदा म्हणायला लावणार होते, पर वेळ न्हवता.

पट्टी डावीकडंबी सरकत होती, ते मला आत्ता दिसलं. पाच-पाच मिलिव्होल्ट करत उतरवलं. दर वेळी दहा मिनिटं काम चालवायचं, मालक हात टेकवून मोजणार, "एक, दोन, तीन." उणे पंचाहत्तरला पडद्यावर रंगीत पट्टे आले. "हां, आता खरंच उपाशी झाली," म्हणून त्यांनी मला उणे साठवर परत आणलं. दहा मोजून झाले, बारा झाले, हात तिथंच. कार्ड आता तापत न्हवतं, म्हणून हळूबी होत न्हवतं. वेगाचा आकडा खाली येईना. मग मी वेगाची पट्टी जरा पुढं सरकवली, तर आकडा चढला अन् तिथंच टिकला. नव्वदाचे अठ्ठावन्न तास झाले.

लाईट गेली तर असावा म्हणून मालकांनी दुकानातला इन्व्हर्टर उचलून घरी आणला. शुक्रवारी, शनिवारी गिऱ्हाइकांना म्हणत होते, घरात पेशंट हाय. इतवारी सकाळी चहाच्या वेळेला पंगत पुरी झाली. तपासून बघायलाबी सवड न्हवती, तशीच कॉम्प्युटरासकट घेऊन आम्ही समाजमंदिरात पळालो.

सत्कार झाले, भाषणं झाली. मग खिडक्यांना चादरी लावून प्रोजेक्टरनं भिंतीवर पंगत लागली. माणसं ओळखू यायला लागली तसा गलका झाला, हा अमक्याचा आजा, ही तमक्याची मावशी. मग खांब आला. खांबाशी अक्काचा बाप, गाल फुगलेले.  पुढच्या रांगेत अक्काचे थोरले दीर बसले होते, त्यांनी मान खाली घातली.

बापानं तोंड वळवलं अन् गाल हलला. चघळत होता. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, बंडीच्या खिशात हात घातला, बुंदीचा पिवळाजर्द लाडू काढला अन् अख्खा तोंडात टाकला. लगेच खांबाआड झाला.

अक्का उठून उभी राहिली.

"साखरेचा आजार होता त्याला," ती म्हणली. "आई पंगतीत बसून त्याच्यावर नजर ठेवून राहायची." मग ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली, पदर भिजला तरी हसली. तिच्याबरोबर सगळं समाजमंदिर हसून राहिलं, अन् मी हसत का रडत होते मला मालूम न्हाई. मालक कॉम्प्युटरच्या डब्यावर हात टेकवून मागं उभे होते. त्यांचे डोळे मी बघितले. ते म्हणतेत चादरीची धूळ गेली.

जेवणं थांबली. तेवढा तुकडा मी पाच वेळा लावला. पाचव्या खेपेला अक्का बोटं मोजत होती, गालातला एक, खिशातला एक, मग खांबाआडनं डोकावून खाल्लेले दोन. मोजून झाल्यावर दिरांकडं वळली.

"भावजी, चार लाडू खाल्ले माझ्या बापानं तुमच्या मांडवात. रुसलेला माणूस चार खातो का?"

दिरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "न्हाई खात," म्हणले. अन् मला म्हणले, "पोरी, परत लाव."