तिच्या आजोबांची तिथी

आमच्या पडेगावच्या घरात वरच्या खोलीत एक मुलगी भाड्यानं राहायची. आफ्रिकेतल्या इक्वेटोरियल गिनी नावाच्या लहानशा देशातून विद्यापीठात शिकायला आलेली. मला परक्या माणसाशी बोलायला जमत नाही. पहिले सहा महिने मी वाटीत भाजी घालून तिच्या पायरीवर ठेवायची आणि खाली पळायची. ती वाटी धुऊन परत आणून ठेवायची. आमचं बोलणं एवढंच.

ऑगस्टात टीव्हीवर झेंडावंदन चाललं होतं. ती पाणी भरायला खाली आली, तेव्हा यांनी विचारलं, "तुमच्याकडं कोणाचं राज्य होतं? इंग्रजांचंच का?"

"नहीं काका, स्पेन का." मग तिनं त्यांच्या स्वातंत्र्याची तारीख सांगितली, ऑक्टोबरातली. मी कॅलेंडरवर पेन्सिलनं खूण करून ठेवली. आपल्या मराठवाड्यात दोन झेंडे. ऑगस्टात देशाचा, सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं त्याचा, आणि दोन्ही दिवशी घरात जिलेबी येते. या पोरीला परमुलखात कोण जिलेबी देणार, असं मनात आलं.

तो दिवस नेमका पितृपक्षात आला.

"पक्षात जिलेबी? डोकं फिरलं व्हय तुझं?" हे म्हणाले.

"तिच्या देशाला कुठला आलाय पक्ष?" म्हणून मी शहागंजात जाऊन गरम जिलेबी आणली आणि पहिल्यांदा तिचं दार वाजवलं.

तिनं पुडा उघडून पाहिला आणि परत बंद केला. "आंटी, हमारे घर में इस दिन मीठा नहीं बनता." दार लागलं. संध्याकाळी ठेवलेली भाजीची वाटी सकाळी तशीच पायरीवर होती.

एवढ्या लांबून आलेल्या लेकराच्या मनाला मी काहीतरी लावून बसले होते, आणि काय तेच कळत नव्हतं.

"जाऊन विचार की," हे म्हणाले.

"मला नाय जमायचं."

"जिलेबी द्यायला जमलं ना?"

शेवटी मी गेले. ती पलंगावर, मी उंबऱ्यात. हिंदी अडली की ती हातानं सांगायची. तिच्या आईचे वडील शाळेत मास्तर होते. स्पेनचा झेंडा उतरला त्या दिवशी त्यांनी पोरांना रांगेनं नेऊन गाणी म्हणवली होती. लोकांनी मतं देऊन पहिला राष्ट्राध्यक्ष निवडला. थोड्याच दिवसांत तो शिकलेल्या माणसांना वैरी समजायला लागला. कित्येक तुरुंगात मेले. गावंच्या गावं रानातून शेजारच्या देशात पळाली. आजोबांना वर्गातून नेलं. नेणारे परके नव्हते, त्यातला एक त्यांच्याच हाताखाली शिकलेला. आजी तान्ह्या लेकीला पाठीशी बांधून नदीपार गेली. आजोबा कधी गेले, कुठं गेले, कोणालाच माहीत नाही. म्हणून आजी त्यांच्यासाठी झेंड्याच्या दिवशी मुकाट बसते. त्यांचं नावसुद्धा मोठ्यानं घेत नाही. अजून तिला वाटतं, कोणीतरी ऐकतंय.

मला माझे चौथीचे मास्तर आठवले. गावात शाळा तिथवरच होती. शेवटच्या दिवशी त्यांनी स्वतःच्या खिशातला पेन मला दिला होता.

"आमच्यात अमावस्येला एक दिवस असतो," मी म्हणाले. "ज्यांची तिथी माहीत नाही, त्या सगळ्यांचा. उद्याच आहे."

"हम तो क्रिश्चन हैं, आंटी."

"असू दे. जेवायलाच घालायचंय. त्यांना काय आवडायचं?"

शेंगदाण्याच्या रश्श्यातला मासा. पक्षात आमच्याकडं मासा शिजत नाही, म्हणून मी शेंगदाण्याची आमटी केली.

गच्चीवर सासूबाईंच्या पानाशेजारी आणखी एक पान वाढलं. यांनी पाणी सोडताना विचारलं, "बाळा, आजोबांचं नाव सांग. घ्यावं लागतं."

ती ओठातल्या ओठात बोलली.

"ऐकू नाय आलं."

तिनं खाली गल्लीकडं पाहिलं. मग मोठ्यानं घेतलं, तीन-चार शब्दांचं लांबलचक नाव. यांना ते धड येईना. तिनं दोनदा म्हणवून घेतलं, मास्तरीण असल्यासारखं.

कावळा आला तो आधी सासूबाईंच्या पानावर बसला. "आई कोणाला आधी जेवू देती व्हय?" हे म्हणाले. ती हसली.

खाली आमच्या पंक्तीला बसून तिनं आमटी चाखली.

"आंटी, नानी कहती हैं, उनको गाढ़ी पसंद थी."

"पुढच्या वर्षी घट्ट करीन," मी म्हणाले आणि तिला आणखी वाढली.