बंपरमागची सळई

आमच्या यांचं नाव कोंडीराम. आता नातवंडांसमोर बेधडक घेते. तवा घेतलं असतं तर सासूनं तोंडाला डाग दिला असता. माणूस असा, की स्वतः दिवसभर तोंड उघडायचा न्हाय आन् लोकांच्या मुक्या रेडिओंना बोलतं करायचा. निजामाच्या पलटणीत वायरलेसचं काम शिकले. पोलीस ॲक्शन झालं, पलटण मोडली, तसं धाराशिवात दुरुस्तीचं दुकान टाकलं. लोक म्हणायचे, कोंडीराम आला पण त्याची जीभ हैदराबादलाच राहिली. मी बी म्हणायची. खोटं कशाला बोलू, असल्या घुम्या माणसासंगं संसार करणं म्हंजी भिंतीवर डोकं आपटणं.

महाराष्ट्र झाला, त्याच्या पुढच्या सालातली गोष्ट. भूमच्या पुढं ईटच्या वाटंवर एक खिंड हाय, तिथं मोटारी लुटत होते. भर दिवसा. वाटंवर धोंडे लावायचे, मोटार थांबली की कुऱ्हाडी घेऊन खाली यायचे. दोन डायवर जिवानिशी गेले. पोलिसांची जीप गेली की खिंडीत चिटपाखरू दिसायचं न्हाय. मग फौजदारानं डाव टाकला. एक खाजगी मोटार धाडायची, आत साध्या कपड्यातले दोन पोलीस, आन् मोटारीत बोलायचं-ऐकायचं मशीन लपवून ठेवायचं. खिंड जवळ आली की मोटारीतनं बोलायचं आन् मळ्यात दडवलेल्या जीपनं धावायचं. मोटार दिली कल्याणप्पा आडत्यांनी. तिचा डायवर बब्रुवान, माझा पाठचा भाऊ.

मशीन बसवायचं काम यांच्याकडं आलं. मला पत्ता न्हाय. कल्याणप्पांच्या गोदामात आतनं कडी लावून काम करायचे आन् घरी येऊन म्हणायचे, आज गिऱ्हाईक लई होतं. मशीन मागच्या सीटखाली गेलं. बोलायचा भाग पानाच्या डब्यात, म्हंजी पान लावतोय असं दाखवत डबा तोंडाशी नेता यावा. राहिली सळई. आवाज लांब फेकायचा तर सळई लागती, आन् ती मोटारीवर उभी केली तर आंधळ्यालाबी कळंल. म्हणून यांनी ती काळी रंगवून पुढच्या बंपरच्या मागं आडवी बसवली, मोटारीच्या लोखंडाला कुठंच लागू न देता. लागली की संपलं, आवाज मोटारीतच जिरणार.

फौजदारानं बजावलं होतं, सळई कुठं हाय ते डायवरलाबी सांगायचं न्हाय. उद्या धरला गेला तर मारून वदवून घेतील. यांनी मान डोलावली. मशीन कुणी बसवलं एवढंसुद्धा सख्ख्या मेव्हण्याला कळू दिलं न्हाय. तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

कारण मोटार निघाली ती आखाडाच्या आवसंला. आवसंच्या दिवशी लिंबू-मिरची बांधल्याबिगर गाडी हलवील असा डायवर आमच्या मुलखात जन्मला न्हाय. धाराशिवात पोलिसांनी घाई केली, त्याला बांधू दिलं न्हाय. बब्रुवानचा जीव खालवर. दोन डायवरांच्या मयतीला तो स्वतः गेलेला. भूमच्या स्टँडवर इंजिन तापलं म्हणून थांबले, तशी त्यानं आधी लिंबू-मिरची घेतली. लोखंडी तारेत ओवलेली, मधी बिब्बा. पडू नये म्हणून तार बंपरला पार मागनं फिरवली आन् घट्ट पीळ दिला. ती बंपरलाबी लागली आन् सळईलाबी.

तिकडं खिंडीअलीकडच्या मळ्यात हे कानाला यंत्र लावून बसलेले. भूम येईस्तवर मोटारीतला शब्द न् शब्द ऐकू येत होता. भूममधनं एकदा बोलायचं ठरलं होतं, ते बोलणं काय येईना. फौजदार म्हणाले, डोंगर आडवा आला असंल, धीर धरा. धीर कुठनं आणायचा? जीप काढावी तर खाकी कपडे बघून लुटारू पसार, आन् पुन्हा असा डाव जमायचा न्हाय. न काढावी तर मोटार मुकीच खिंडीत शिरणार, आन् हाका मारल्या तरी कुणाला कळणार न्हाय. मोटार चालवतोय बायकूचा भाऊ. हे उठले आन् बांधाबांधानं पळत भूमला आले.

मोटार अजून स्टँडवरच होती, बॉनेट वर करून. यांनी बंपरकडं बघितलं, तार सळईला लागलेली दिसली. पण बोलायचं कुणाला? लुटारूंचा एक माणूस स्टँडवर बसून मोटारी हेरतो, एवढं फौजदाराला ठाऊक होतं. कोण, ते न्हाय. चहा पिणारा, बिडी ओढणारा, बिब्बे विकणारा, कुणीबी असंल. बब्रुवानच्या कानाशी लागावं तर दहा डोळे वळणार. पोलीस आत बसलेले, त्यांच्याकडं नुसतं बघायचीबी चोरी.

मग हे सरळ पुढं गेले, वाकले, आन् लिंबू-मिरचीची तार हिसडून काढली.

बब्रुवान बघतच राहिला. आपले दाजी इथं कशाला, आन् आवसंला, खिंडीच्या तोंडावर, हे काय करतात? त्यानं तार उचलून पुन्हा बांधायला घेतली. यांनी ती हातातनं ओढली, मातीत टाकली आन् लिंबू पायानं चिरडलं. तशी बब्रुवाननं भर स्टँडवर यांच्या थोबाडीत मारली. जावयाच्या अंगावर हात! आमच्या खानदानात कधी कुणी असं केलेलं न्हाय. बसमधनं माणसं डोकावली, त्यात दोघं माझ्या माहेरचे, तेरचे निघाले. हे गाल धरून मारुतीच्या पारावर जाऊन बसले. मोटार गेली.

मळ्याकडं परत जायचीबी सोय न्हाय, कुणी माग काढला तर जीप दिसायची. सळई सुटली, पण आवाज जातोय का न्हाय, कळायला मार्ग न्हाय. तो सारा वेळ पारावर कसा काढला, हे मी यांना कधी विचारलं न्हाय. विचारून तरी काय सांगणार होते म्हणा.

उन्हं कलायला मोटार परत आली, मागं जीप. लुटारू बांधलेले, त्यातला एक सकाळी स्टँडवर चहा पीत बसलेला. बब्रुवानच्या खांद्यात कुऱ्हाड बसलेली, पण जिवंत.

आता गावाची अक्कल बघा. तेरमधी बातमी काय पोचली? जावयानं लिंबू चिरडलं म्हणून पोराला कुऱ्हाड लागली. पंचमीच्या आधी आईनं निरोप धाडला, सत्यभामाला पाठवा, जावयानं आमचा उंबरा चढू नये. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, काय केलंत तुम्ही? तवा कुठं हे बोलले, आन् अख्खी कहाणी सांगून म्हणाले, फौजदाराला शब्द दिलाय, कुठं बोलू नको. म्हटलं, फौजदार गेला खड्ड्यात. यांना हाताला धरून तेरच्या बसमधी बसवलं.

आईच्या अंगणात उभी राहून मीच सगळं ओकले. आई ऐकून घेऊन म्हणाली, "लिंबू होतं तवर माझ्या लेकराला कुणी बोट लावलं न्हाय."

बब्रुवान खांदा बांधून बाजंवर पडलेला. तो उठून बसला आन् रडायलाच लागला. म्हणाला, "दाजी, माझ्या कानात नुसतं एकदा म्हणायचं होतं. मी तुमच्यावर हात टाकला न्हसता."

हे मग म्हणाले, "हात टाकला न्हसतास तर तुला डाव ठाऊक हाय, हे त्या चहा पिणाऱ्याला दिसलं असतं. खिंडीत खांद्यावर न्हाय, मानंवर कुऱ्हाड घातली असती. मी मार खायलाच आलो होतो, बब्रू. तू न्हाय मारणार, याचंच भ्या वाटत होतं."

लगीन झाल्यापासनं असं मनातलं बोलणं मी त्यांच्या तोंडून ऐकलं न्हवतं. आईनं यांच्या गालाकडं बघितलं. मग पदरानं डोळे पुसले आन् माझ्यावरच खेकसली, "सत्ये, उभी काय ऱ्हायलीस? जावयाला पाट मांड."