बाईच्या चित्राचा खोका

२००३ च्या मे महिन्यात दुबईहून माझ्यासाठी एक ग्राफिक्स कार्ड रत्नागिरीत आले. आमच्या घरी ते एक दिवसही चालले नाही.

मी चोवीस वर्षांचा होतो आणि नोकरीला होतो. गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम आमच्या कॉम्प्युटरवर कार्डाशिवाय चाले. रस्ता पांढरा दिसे, आणि झाड त्याच्यावर आदळल्यानंतर दिसे! सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरमध्ये मात्र असे कार्ड होते, आणि तिथे त्याच गेममध्ये ओल्या रस्त्यावर सूर्यास्त चमकायचा. मी तासाचे पैसे भरून गाडी कडेला लावायचो आणि नुसता बघत बसायचो.

"सूर्यास्त बघायला पैसे?" आई म्हणाली. "मांडवीच्या समुद्रावर जा ना, फुकट दिसतो!"

कार्डाची मुंबईतली किंमत म्हणजे माझा दोन महिन्यांचा पगार. दुबईत ते स्वस्त मिळे. तिथे नोकरीला असलेला माझा शाळासोबती इरफान सुट्टीवर येताना ते घेऊन आला.

इरफानची बॅग उघडायच्या दिवशीच मुलीकडची मंडळी त्याला बघायला त्याच्या घरी आली होती. मी सगळ्यांच्या आधी येऊन बॅगेला चिकटून बसलो होतो. इरफानच्या आईने, हमीदाचाचीने, कौतुकाने एकेक वस्तू बाहेर काढली. अत्तर, ब्लँकेट, दुधाची पावडर. मग खोका. खोक्यावर तलवार घेतलेली बाई होती. तिच्या अंगावर लोखंड बेताचे होते आणि कापड त्याहून कमी.

मुलीच्या मामूंनी सरबताचा ग्लास खाली ठेवला.

"ह्ये काय आणलंस रे मेल्या?" चाची ओरडली.

"माझं नाय, अम्मी! ह्याचं आहे!" इरफानने माझ्याकडे बोट केले.

मी खुलासा केला. (तो करायला नको होता.) "मामू, बाईचा काही संबंध नाही. आत पंखा आहे."

"पंखा कशाला?"

"चित्रं बघताना गरम होतं ना, म्हणून."

चाचीने पदर तोंडाला लावला.

"कसली चित्रं?" मामूंनी विचारले.

"गाड्यांची."

"मग वर बाई कशाला?"

मी खोका उघडून आतला पंखा दाखवला.

"चल," मामू उठले. "लावून दाखव."

"दाखव रे बाबा," इरफान माझ्या कानात म्हणाला. "माझा निकाह लटकलाय!"

मंडळी आमच्या घरी आली. मी सर्वांसमक्ष कॉम्प्युटर उघडला. कार्ड ज्या खाचेत बसते ती खाच आमच्या मशिनमध्ये नव्हतीच! ती हवी तर नवे मशीन घ्यायला हवे होते.

"बसत नाही?" मामूंनी विचारले. "मागवायच्या आधी बघितलं नाहीस?"

"नाही."

शेवटी मी गेम कार्डाशिवायच लावला. पांढऱ्या रस्त्यावर चौकोनी गाडी निघाली. मामू थोडा वेळ उभ्याने बघत राहिले, मग माझ्या खुर्चीवर बसले. जेवणाचे बोलावणे दोनदा आले. मामू उठले नाहीत.

"मुलगा चांगला आहे," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. सोयरीक ठरली.

"मामू, पुढच्या खेपेला तुमच्यासाठी काय आणू?" इरफानने आनंदाने विचारले.

मामूंनी खोका पालथा करून, बाई खाली घालून, काखेत घेतला. "हे बसेल असा कॉम्प्युटर."

नकार देणे शक्य नव्हते. निकाह व्हायचा होता.

पुढच्या खेपेला कॉम्प्युटर आला. कार्ड मीच त्यांच्या घरी जाऊन बसवून दिले.